सातवा पॅच कुणाचा? पॅकेजिंगसाठी व्हर्जन कंट्रोल निवडताना

पॅकेजिंगच्या कामाला नव्याने लागलेले बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, की गिट वापरायचं की आणखी काही. नोकरीसाठी पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला आलेला इंजिनिअर असो किंवा नाशिकला घरी बसून डेबियनसाठी पहिलं पॅकेज बांधणारी कॉलेजची मुलगी असो, प्रश्न तोच. झटपट उत्तर 'गिट' असं आहे आणि ते चुकीचंही नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर दोन-तीन वर्षांत हाल सुरू होतात. पॅकेजिंगमधला मोठा घोळ साधन निवडताना होत नाही. मूळ लेखकाचा सोर्स, त्यावर आपण केलेले बदल आणि पॅकेज बांधण्याची कृती या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की तो होतो. त्या तिन्ही कायम वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत, आणि आपण काम सोडल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसालाही ओळखू आल्या पाहिजेत.

प्रोग्रामरचा कोड त्याचा स्वतःचा असतो. पॅकेजर दुसऱ्याच्या कोडवर काम करतो, आणि तो दुसरा माणूस आपल्याला विचारून काही करत नाही. समजा, एखाद्या लायब्ररीच्या १.२ आवृत्तीवर तुमचे सात पॅच आहेत. दोन सुरक्षेचे, एक आर्म प्रोसेसरसाठीचा, दोन फाइलींचे मार्ग बदलणारे, एक अडणारी टेस्ट बंद करणारा, आणि सातवा कुणीतरी कधीतरी घातलेला. आता १.३ आली. सातांपैकी कोणते मूळ प्रकल्पाने स्वीकारले? कोणत्यांची गरज संपली? कोणते नव्या कोडवर पुन्हा बसवायचे? याचं उत्तर अर्ध्या तासात देता आलं तर तुमची मांडणी चांगली आहे. दोन दिवस लागले तर हाताशी गिट असून उपयोग झाला नाही. वेग, लोकप्रियता, कमांड किती सोप्या हे सगळं मी नंतर बघतो. आधी विचारतो, सातवा पॅच कुणाचा, हे या व्यवस्थेत कळतं का?

ही परीक्षा मनात ठेवून सांता क्लारातल्या कंपन्यांकडे पाहिलं तर शिकण्यासारखं बरंच सापडतं. शहराच्या उत्तरेला, जुन्या ॲग्न्यूज इस्पितळाच्या आवारात, सन मायक्रोसिस्टिम्सचा कॅम्पस होता. सोलारिस या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स अनेक वर्षं टीमवेअर नावाच्या घरच्याच साधनात होता. टीमवेअर बेल लॅब्जमध्ये १९७२ साली जन्मलेल्या एससीसीएस या व्हर्जन कंट्रोलच्या साधनावर उभारलेलं होतं. प्रत्येक इंजिनिअरकडे सोर्सची आपली स्वतंत्र प्रत असायची. मुख्य प्रतीतून बदल आणायचे त्याला 'ब्रिंगओव्हर' आणि आपले बदल परत द्यायचे त्याला 'पुटबॅक' म्हणत. म्हणजे आज आपण ज्याला डिस्ट्रिब्युटेड म्हणतो ती रीत सनमध्ये गिटच्या पुष्कळ आधी रुळलेली होती. सनमध्ये या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी लॅरी मॅकव्हॉय यांनी पुढे बिटकीपर काढलं. लिनक्स कर्नलने ते २००२पासून वापरलं, २००५मध्ये त्या व्यवस्थेत तंटा झाला, आणि एप्रिल २००५मध्ये एकाच महिन्यात गिट आणि मर्क्युरियल दोन्ही सुरू झाली.

त्याच वर्षी सनने ओपनसोलारिस खुलं केलं. बाहेरच्या लोकांनाही बदल देता यावेत म्हणून खुलं साधन हवं होतं. सनच्या लोकांनी आधी आपल्या गरजा लिहून काढल्या, मग बझार, गिट आणि मर्क्युरियल त्या गरजांवर तपासली, आणि २००६मध्ये मर्क्युरियल निवडलं. प्रत्यक्ष स्थलांतराला पुढची दोन वर्षं गेली. जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. ओपनसोलारिसमधून पुढे निघालेला इल्यूमॉस प्रकल्प कालांतराने गिटवर गेला. आज मागे वळून 'त्यांनी चुकीचं निवडलं' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. २००६ साली मर्क्युरियलच्या कमांड सरळ होत्या, कागदपत्रं चांगली होती, आणि टीमवेअरची सवय असलेल्या माणसाला ते लगेच जमत होतं. पाच वर्षांनी कुणाची चलती असेल हे त्यांना कळण्याची सोय नव्हती, तशी ती आपल्यालाही नाही.

या कहाणीतला पॅकेजरच्या कामाचा भाग निराळाच आहे. सोलारिसमध्ये बाहेरून येणारी खुली सॉफ्टवेअर ज्या 'यूजरलँड' झाडात बांधली जातात, त्याची रचना बघा. प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक फोल्डर. त्यात एक मेकफाइल, तिच्यात मूळ टारबॉल कुठून आणायचा तो पत्ता आणि त्याचा हॅश. शेजारी 'पॅचेस' नावाचा फोल्डर. आणि कोणती फाइल कुठे बसवायची ते सांगणारं मॅनिफेस्ट. मूळ सोर्स त्या झाडात नाहीच. हे झाड मर्क्युरियलमध्ये वाढलं. इल्यूमॉसवर आधारलेलं ओपनइंडियाना हीच रचना गिटमध्ये चालवतं. साधन बदललं तरी पॅकेजरला फारसं नवीन शिकावं लागलं नाही, कारण मांडणी साधनावर अवलंबून नव्हती.

म्हणून निवडीचा पहिला भाग मांडणीचा. प्रचलित मांडण्या मुख्यत्वे दोन आहेत.

पहिलीत फक्त कृती ठेवायची: बांधणीची फाइल, पॅच आणि मूळ टारबॉलचा हॅश. फेडोरा, आर्च, जेंटू, अल्पाइन, फ्रीबीएसडीचे पोर्ट्स, निक्स, सगळे याच वाटेचे. लोहित देवनागरी हा फॉन्ट उदाहरणाला घेऊ. त्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी अनेक वर्षं काम केलेलं आहे आणि तो तुमच्या लिनक्सवर कदाचित आधीच बसलेला असेल. फेडोराकडे त्याचा रेपो उघडला तर त्यात एक स्पेक फाइल आणि 'सोर्सेस' नावाची चिमुकली फाइल दिसते, तिच्यात टारबॉलचं नाव आणि हॅश. टारबॉल स्वतः वेगळ्या साठ्यात असतो. त्याला लुकअसाइड कॅश म्हणतात. फेडोरा २०१०पर्यंत सीव्हीएसवर होतं, मग गिटवर आलं. 'सोर्सेस' फाइल आणि लुकअसाइड कॅश दोन्ही सीव्हीएसच्या काळापासूनची. इथेही तेच झालं: साधन बदललं, मांडणी टिकली.

दुसऱ्या मांडणीत मूळ सोर्स सगळा रेपोत असतो आणि त्यावर पॅकेजिंगचा एक फोल्डर बसवलेला असतो. डेबियनमध्ये ही रीत रूढ आहे. एका ब्रँचवर मूळ सोर्स, दुसरीवर तोच सोर्स अधिक 'डेबियन' नावाचा फोल्डर, आणि बदल 'डेबियन/पॅचेस'मध्ये, पॅचांची रांग सांभाळणाऱ्या क्विल्ट या साधनाच्या क्रमाने. गिट-बिल्डपॅकेज हे साधन या ब्रँचांची ने-आण करतं. नवी आवृत्ती आली की यूस्कॅन तिचा टारबॉल आणतं, 'जीबीपी इम्पोर्ट-ओरिग' तो मूळ सोर्सच्या ब्रँचवर चढवून टॅग लावतं. मग 'जीबीपी पीक्यू रिबेस' चालवलं की प्रत्येक पॅच एकेक कमिट होऊन तात्पुरत्या ब्रँचवर नव्या सोर्सवर बसतो. जो बसत नाही तिथे गिट थांबतं, तुम्ही कॉन्फ्लिक्ट सोडवता. जो मूळ प्रकल्पाने आधीच घेतलेला असतो तो रिकामा पडतो आणि त्याला सोडून पुढे जायचं. शेवटी 'जीबीपी पीक्यू एक्स्पोर्ट' त्या कमिटांचे पुन्हा पॅच करून फोल्डरमध्ये ठेवतं. वर म्हटलेल्या सात पॅचांचा हिशेब इथे हाताशी लागतो.

कोणती मांडणी घ्यायची? पॅकेज ज्या डिस्ट्रिब्युशनमध्ये जायचं आहे तिची रीत असेल तर ती मुकाट्याने पाळा. आपली वेगळी चूल मांडल्याने पुढच्या माणसाचा वेळ जातो. स्वतःच्या कंपनीसाठी पॅकेज बांधत असाल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर पॅचांची संख्या बघा. चार-पाच छोटे पॅच असतील तर फक्त कृती ठेवा. रेपो हलका राहतो आणि आपण काय बदललं ते फाइलींची नावं वाचूनच कळतं. पॅच वीसच्या पुढे गेले, किंवा एकच पॅच हजार ओळींचा झाला, तर सगळा सोर्स जवळ हवा. अशा पॅचवर नुसत्या टेक्स्ट एडिटरने काम करणं म्हणजे छळ आहे.

मांडणी कोणतीही असो, प्रत्येक पॅचच्या डोक्यावर चार ओळी लिहायची सवय लावून घ्या. डेबियनमध्ये त्याचा डेप-३ नावाचा नमुना आहे: हा पॅच काय करतो, कुठून आणला, मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, संबंधित बग कोणता. 'फॉरवर्डेड' या ओळीत पाठवल्याचा पत्ता तरी असतो किंवा 'गरज नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कमिटच्या मेसेजमध्ये हे लिहिलं तर पुरत नाही का, असं विचाराल. नाही पुरत. रेपो एका जागेवरून दुसरीकडे हलतो, इतिहास कधी कापला जातो, आणि पॅचची फाइल मात्र सोर्स पॅकेजबरोबर जगभर फिरत राहते. माहिती फाइलमध्येच असली पाहिजे.

आता सांता क्लारातलंच दुसरं उदाहरण. एनव्हिडियाचं मुख्यालय याच शहरात. मे २०२२मध्ये कंपनीने लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नल मॉड्यूलांचा सोर्स गिटहबवर खुला केला, एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली. त्या रेपोचा लॉग उघडा. प्रत्येक ड्रायव्हर रिलीजमागे साधारण एक कमिट, आणि कमिटचं शीर्षक म्हणजे नुसता आवृत्तीचा आकडा. हे कंपनीने रीडमीमध्येच सांगून ठेवलं आहे: आतला कोड बंद ड्रायव्हरशी सामायिक आहे, त्यावर प्रक्रिया करून हा सोर्स तयार होतो, म्हणून एकेका बदलाचा इतिहास देता येणार नाही. सातबारा हातात मिळाला, फेरफार मिळाला नाही, अशी ही अवस्था. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते कळतं. ती त्या नावावर कशी आली ते कळत नाही.

मूळ प्रकल्प गिटमध्ये आहे म्हणून पॅकेजरला गिटचे सगळे फायदे मिळतातच असं नाही, हे इथे दिसतं. अशा रेपोत 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळीसमोर कुठल्यातरी रिलीजचा आकडा दाखवतं. 'गिट बायसेक्ट' कोणत्या रिलीजमध्ये बिघडलं तेवढंच सांगतं आणि थांबतं. अशा सोर्सला टारबॉलसारखंच वागवा. प्रत्येक रिलीज आपल्या मूळ सोर्सच्या ब्रँचवर टॅग लावून घ्या, आणि नवी आली की दोन टॅगांमधला फरक फक्त तुमचे पॅच ज्या फाइलींना हात लावतात तेवढ्यापुरताच काढा. 'गिट डिफ'ला शेवटी फाइलींचे मार्ग दिले की ते होतं. लाखो ओळींच्या फरकातून तुमच्या कामाच्या कधीकधी शंभरही उरत नाहीत. 'हे का बदललं' याचं उत्तर मूळ प्रकल्पाकडून येणार नसल्याने पॅचच्या डोक्यावरची टिपणं इथे दुप्पट महत्त्वाची.

याच्या उलट बाजूचा धोका २०२४मध्ये सगळ्यांनी पाहिला. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने एक्सझेड या फाइलींच्या दाबणीच्या (कम्प्रेशनच्या) साधनात मागचं दार सापडल्याचं जाहीर केलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये ते होतं. एसएसएचने लॉगिन करायला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. पॅकेजरने लक्षात घ्यायचा तपशील असा. बायनरी माल चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्येच ठेवलेला होता, पण तो बांधणीच्या वेळी बाहेर काढणारी एम४ फाइल गिटमध्ये नव्हती. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. टारबॉलमध्ये अशा बाहेरून आलेल्या आणि तयार झालेल्या फाइली नेहमीच असतात, त्यामुळे ती डोळ्यांत खुपली नाही. बांधताना ऑटोरीकॉन्फ चालवूनही ती बदलली गेली नाही, कारण तिच्यातला सीरियल क्रमांक मूळ फाइलपेक्षा मोठा ठेवला होता.

यावरून माझं मत पक्कं झालं आहे: मूळ प्रकल्प गिटमध्ये सही केलेले टॅग देत असेल तर पॅकेज त्या टॅगवरून बांधा, टारबॉलवरून नको. आधी 'गिट व्हेरिफाय-टॅग' चालवा, लेखकाची किल्ली तुम्ही स्वतंत्रपणे मिळवलेली असू द्या. टारबॉल वापरणं भागच असेल तर तो उघडा, शेजारी टॅगवरचा सोर्स काढा आणि दोन्हींची तुलना करा. फरक दिसतीलच. त्यातला प्रत्येक कुठून आला हे सांगता येईपर्यंत अपलोड करू नका. पहिल्यांदा वेळ लागतो. पुढच्या आवृत्तीला फक्त नवे फरक बघायचे असतात.

गिटवरून बांधताना काही गोष्टी मात्र हातून निसटतात. गिट फाइलींच्या वेळा जपत नाही. चेकआउट केल्यावर सगळ्या फाइलींना आत्ताची वेळ लागते, कोणती आधी आणि कोणती नंतर हे मेकला उमगत नाही, आणि ते कॉन्फिगर पुन्हा तयार करायला धावतं. बांधणीच्या मशीनवर ऑटोमेकची नेमकी तीच आवृत्ती नसेल तर बिल्ड तिथेच पडतो. रिकामे फोल्डर गिटमध्ये राहत नाहीत. परवानग्यांपैकी फक्त चालवण्याचा बिट राहतो. आणि मूळ टारबॉल बाइट-बाइट तसाच हवा असेल तर गिटमधून तो आपोआप निघत नाही. त्यासाठी डेबियनमध्ये प्रिस्टिन-टार आहे, जे सोर्स आणि मूळ टारबॉल यांतला फरक एका वेगळ्या ब्रँचवर साठवतं.

हॅशचंही असंच. गिटहब एखाद्या टॅगचा टारबॉल मागितल्यावर तिथल्या तिथे तयार करून देतं. ३० जानेवारी २०२३ला त्यांच्याकडे गिटची नवी आवृत्ती आली, दाबणीची पद्धत बदलली, आणि आतला सोर्स तोच असूनही या टारबॉलांचे हॅश बदलले. जगभर बिल्ड कोसळले. त्याच दिवशी गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा कृतीत हॅश लिहायचाच आहे तर मूळ लेखकाने स्वतः चढवलेल्या फाइलचा लिहा, नाहीतर कमिटचाच हॅश वापरा. तोही नाही जमला तर टारबॉल एकदा आणून आपल्या साठ्यात ठेवा.

सबव्हर्जनवरून आलेल्यांना गिटमध्ये सगळ्यात जास्त काय खटकतं, तर चढता आकडा नाही. सबव्हर्जनमध्ये ४१०२ हा ४१०१च्या नंतरचा, यात शंका नसते. गिटचा हॅश क्रमाने लावता येत नाही, आणि पॅकेज मॅनेजरला तर क्रमच हवा. रिलीजच्या मधल्या कमिटचं पॅकेज बांधायचं असेल तर डेबियनमध्ये आवृत्ती '१.२+गिट२०२४०३१५' अशी लिहा. आधी तारीख, मग हवा तर हॅशचा तुकडा. हॅश आधी लिहिला तर आज बांधलेलं पॅकेज कालच्यापेक्षा जुनं ठरण्याची शक्यता असते आणि वापरणाऱ्याला अपडेट मिळत नाही. येणाऱ्या रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती असेल तर अधिकच्या चिन्हाऐवजी टिल्ड वापरा, कारण टिल्ड असलेली आवृत्ती मूळ आकड्याच्या आधी लागते. फ्रीबीएसडीने २०२०च्या डिसेंबरमध्ये मुख्य सोर्स सबव्हर्जनवरून गिटवर नेला तेव्हा त्यांनाही हा प्रश्न आला. त्यांनी मुख्य ब्रँचवरच्या कमिटांची संख्या मोजून ती 'एन' अक्षरामागे लावायला सुरुवात केली. तुमच्या कंपनीत रोजचे बिल्ड होत असतील तर हीच युक्ती करा.

मग सबव्हर्जन संपलं का? पॅकेजरपुरतं बोलायचं तर नाही. वर्डप्रेसचं प्लगइन अधिकृत यादीत चढवायचं असेल तर आजही सबव्हर्जनच लागतं, ट्रंक आणि टॅग्जच्या त्याच जुन्या रचनेसह. महाराष्ट्रात वर्डप्रेसवर पोट असलेले किती तरी जण आहेत; त्यांनी रोजचं काम गिटमध्ये करावं आणि सबव्हर्जनकडे फक्त रिलीज पाठवण्याची जागा म्हणून पाहावं. टेक लाइव्हचा सोर्सही सबव्हर्जनमध्येच आहे. मोठ्या झाडातला एकच फोल्डर बाहेर काढायचा ही त्याची सोय खरोखर चांगली होती. आर्च लिनक्सने ती मे २०२३पर्यंत वापरली. मग गिटवर जाताना त्यांना प्रत्येक पॅकेजचा वेगळा रेपो करावा लागला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सीव्हीएस ओपनबीएसडीच्या पोर्ट्समध्ये जिवंत आहे. तिथे काम करायचं असेल तरच शिका. बझार नव्या कामासाठी घेऊ नका. उबंटूच्या जगात ते जोरात होतं, पण त्याची शेवटची मोठी आवृत्ती २०१६ची आहे. मर्क्युरियल चांगलं साधन आहे, त्याची पॅचांची रांग क्विल्टवर बेतलेली होती आणि पॅकेजरला ती आवडायची. पण बिटबकेटने २०२०मध्ये मर्क्युरियलचे रेपो काढून टाकले, ओपनजेडीके त्याच वर्षी गिटवर गेलं, एनजिनएक्स २०२४मध्ये गेलं. आज मर्क्युरियल निवडलं तर मदतीला माणूस मिळणं कठीण. सिलिकॉन व्हॅलीतल्या चिप आणि गेमच्या कंपन्यांत पर्फोर्स आढळतं, कारण मोठ्या बायनरी फाइलींना कुलूप लावून काम करायची सोय त्यात आहे. तुमची कंपनी पर्फोर्सवर असेल तर भांडू नका. पॅकेजिंगची कृती तेवढी वेगळ्या गिट रेपोत ठेवण्याची परवानगी मागा.

नव्यांपैकी जुजुत्सूकडे लक्ष ठेवा. ते गिटच्याच रेपोवर चालतं, त्यामुळे सहकाऱ्यांना काही बदलावं लागत नाही. एकावर एक रचलेल्या पॅचांमधला खालचा दुरुस्त केला की वरचे सगळे आपोआप नव्याने बसतात, आणि कॉन्फ्लिक्ट आला तरी काम अडत नाही. तो कमिटमध्येच नोंदला जातो, तुम्ही सवडीने सोडवता. वीस पॅचांची चळत सांभाळणाऱ्या माणसाला याची किंमत लगेच कळेल.

शेवटी, काम थांबलं तर काय, याचाही विचार आधीच करावा. सांता क्लारातच मुख्यालय असलेल्या इंटेलने जुलै २०२५मध्ये क्लिअर लिनक्स हे आपलं डिस्ट्रिब्युशन बंद केल्याचं जाहीर केलं. अपडेट तत्काळ थांबले. त्यातलं प्रत्येक पॅकेज मात्र साध्या गिट रेपोत होतं: स्पेक फाइल, पॅच आणि ऑटोस्पेक या त्यांच्या साधनाच्या सेटिंगच्या फाइली. म्हणून काम थांबल्यावरही त्यातला एखादा पॅच उचलून आपल्या पॅकेजला लावणं कुणालाही जमतं. माहिती फक्त कंपनीच्या बग ट्रॅकरमध्ये किंवा चॅटमध्ये असती तर ती कंपनीबरोबरच गेली असती. डेबियनचं जुनं अलिओथ २०१८मध्ये बंद होऊन साल्सा आलं तेव्हा जे रेपो गिटमध्ये आणलेले नव्हते ते नव्या घरी आलेच नाहीत. त्यांची संग्रहातली प्रत तेवढी उरली.

जुना सबव्हर्जन किंवा मर्क्युरियल रेपो गिटवर न्यायची वेळ आलीच, तर आधी लेखकांच्या नावांची यादी नीट करून घ्या, म्हणजे वीस वर्षांचं काम 'रूट' नावाच्या माणसाच्या खात्यात जमा होणार नाही. प्रत्येक नव्या कमिटच्या मेसेजमध्ये जुना क्रमांक लिहून ठेवा. बग ट्रॅकरमध्ये 'आर ४१०२मध्ये दुरुस्त' असं लिहिलेलं असेल तर ते नंतर शोधता आलं पाहिजे. जुन्या कमिटांमधले टारबॉल स्थलांतराच्या वेळीच बाहेर काढून वेगळ्या साठ्यात ठेवा, एकदा लोकांनी नवा रेपो क्लोन केला की ते काढणं अवघड होतं. आणि जुना रेपो पुसू नका. तो फक्त वाचण्यापुरता ठेवा, आणि नव्या रेपोच्या रीडमीत त्याचा पत्ता लिहा.